नाही म्हणायला बोलावलेली बाई

मावशी : …ते झालं तुझं. तुझा विषय कॉलेजात सक्तीचा झाला की तुला स्वतंत्र खोली मिळणार, हाताखाली माणूस मिळणार, आणि त्या मेडिसिनच्या विभागप्रमुखाचा पडलेला चेहरा बघायला मिळणार. परीक्षा देणाऱ्या पोराला मार्क मिळणार. कॉलेजला, आम्ही किती पुढारलेले, असं मिरवायला मिळणार. आता माझ्या बाजूला काय मांडू?

भाची : जेवण.

मावशी : कॅन्टीनचं.

भाची : आणि भाचीवर उपकार केल्याचं समाधान.

मावशी : जन्मभर विम्याचे दावे तपासले मी. कंपनीला जे द्यायचं नसतं, त्याला ती समाधान म्हणते.

भाची : मावशी, समिती येऊन बसेल आता. त्या काचेपलीकडे. आपल्याला ते दिसणार नाहीत, त्यांना आपण दिसू. शेवटचं एकदा म्हणून दाखव. तू कोण?

मावशी : मी एक बाई. वय सदुसष्ट. नवरा वारलेला. गुडघे दुखतात, झोप लागत नाही. वय आणि नवरा माझेच, गुडघे तुझ्या कागदावरून उसने घेतलेत.

भाची : छान. पुढे?

मावशी : पुढे, एकटी राहते. जोडीदार नाही. शरीरसंबंध नाहीत. हे कोणी लिहिलं?

भाची : मीच. कोर्स सुरू झाला तेव्हापासून हीच केस आहे. आधी ही भूमिका आमच्या ग्रंथपालबाई करायच्या. त्या मुलीकडे परदेशी गेल्या, म्हणून तुला त्रास.

मावशी : मग यात आहे काय? म्हातारी येते, गुडघे दाखवते, जाते. यासाठी तू डॉक्टरेट केलीस?

भाची : असं नाही ग. आम्ही दवाखान्यांत बसून ऐकलंय, कोण कोणाला काय विचारतं ते. तरुण बाई समोर आली की डॉक्टर सगळं विचारतो. पाळी, मुलं, संबंध, काहीही. बाईचे केस पांढरे झाले की तेवढा भाग सोडून थेट रक्तदाबावर उडी. रुग्ण बोलत नाही कारण डॉक्टर विचारत नाही, आणि डॉक्टर म्हणतो, मी विचारत नाही कारण रुग्णाला त्यात रसच नसतो. समाजशास्त्रात याला…

मावशी : याला काय म्हणतात ते समितीला सांग. मला माझं काम सांग.

भाची : तुझं काम एवढंच. तो मुलगा तुला तपासायला येईल. त्याने तो प्रश्न तुला विचारला पाहिजे. विचारला की तू म्हणायचं, नाही.

मावशी : बस?

भाची : बस. मार्क विचारण्याला आहेत.

मावशी : म्हणजे तू मला नाही म्हणायला बोलावलंस.

भाची : असं काय म्हणतेस!

मावशी : आणि त्याने विचारलंच नाही तर?

भाची : तर गप्प बसायचं. तोच मुख्य नियम आहे. सरावाचा रुग्ण विचारल्याशिवाय काही सांगत नाही.

मावशी : खऱ्या रुग्णासारखाच की.

भाची : हो. अगदी तसंच. आणि मी मध्येच 'थांबा' म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. तेवढ्यात त्याने विचार करायचा, मला काही विचारायचं. मग मी 'चालू' म्हणते.

मावशी : हा पोरगा खरा डॉक्टर आहे का?

भाची : शेवटच्या वर्षाला आहे.

मावशी : म्हणजे तो सांगेल ते बरोबर असतं?

भाची : चुकलं तर मी तिथल्या तिथे थांबवते. औषधांचं काही असेल तर त्याचे सर दुरुस्त करतात. का ग?

मावशी : काही नाही. दावा लावण्याआधी समोरची कंपनी नोंदलेली आहे का, ते बघायची सवय.

भाची : तुला काही दावाबिवा लावायचा नाहीये आज. मावशी, माझ्याकडे बघ. आज जर हे फसलं ना, तर विषय सक्तीचा राहिला बाजूला, आहे तोही बंद. विभागप्रमुख सरांनी तसं म्हटलंय समितीला. म्हणे, वयस्क रुग्ण असल्या गोष्टी दवाखान्यात आणत नाहीत, मुलांचा वेळ फुकट जातो. मग मी पुन्हा पहिल्या वर्षाला 'समाज म्हणजे काय' शिकवत बसणार. जेवणानंतरच्या तासाला. अख्खा वर्ग डोळे उघडे ठेवून झोपलेला असतो.

मावशी : समाज म्हणजे काय?

भाची : मावशी!

मावशी : नाही, सहज. तुझी आई सगळ्यांना सांगत असते, मुलगी आरोग्य शिकवते. त्याआधीचा 'लैंगिक' गिळून टाकते. बरं, तिला मी आज सांगितलंय की तुझ्या कॉलेजात गुडघ्यांवर व्याख्यान आहे.

भाची : बरं केलंस. आले वाटतं. बस इथे, पदर नीट कर. आणि आज तरी वकिली करू नकोस.

(काचेपलीकडे खुर्च्या सरकतात. दारावर टकटक होते.)

शिकाऊ डॉक्टर : येऊ का आत? नमस्कार आजी, मी…

भाची : थांबा.

शिकाऊ डॉक्टर : सॉरी मॅडम. आजी नाही म्हणायचं.

भाची : का नाही? जरा मोठ्याने सांग, आतल्यांना ऐकू जाऊ दे.

शिकाऊ डॉक्टर : कारण आजी म्हटलं की… मग आपण आजीला विचारू तेवढंच विचारतो.

मावशी : आणि आजीला गुडघ्यांखेरीज काही नसतं.

भाची : रुग्णाने विचारल्याशिवाय बोलू नये. चालू.

शिकाऊ डॉक्टर : नमस्कार बाई. मी शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी आहे. आपण जे बोलू ते या खोलीतच राहील.

मावशी : आणि काचेपलीकडे.

शिकाऊ डॉक्टर : हो. आणि काचेपलीकडे. काय होतंय तुम्हाला?

मावशी : गुडघे दुखतात.

शिकाऊ डॉक्टर : दोन्ही?

मावशी : एक दुखतो, दुसरा त्याला साथ देतो.

शिकाऊ डॉक्टर : जिना चढताना जास्त की उतरताना?

मावशी : उतरताना. चढताना माणूस उमेदीत असतो.

शिकाऊ डॉक्टर : सकाळी उठल्यावर आखडतात?

मावशी : थोडा वेळ. मग सुटतात.

शिकाऊ डॉक्टर : झोप कशी आहे?

मावशी : लागत नाही लवकर. लागली की मध्येच मोडते.

शिकाऊ डॉक्टर : लघवीला उठावं लागतं?

मावशी : नाही. नुसतीच जागी असते. छताकडे बघत.

शिकाऊ डॉक्टर : वय झालं की झोप कमी होतेच. भूक? पोट साफ होतं?

मावशी : पोटाची काही तक्रार नाही.

शिकाऊ डॉक्टर : बरं. आणि हे सगळ्यांनाच विचारावं लागतं म्हणून विचारतो हं, राग मानू नका, जोडीदार वगैरे कोणी नाही ना, संबंध वगैरे काही नाहीत ना, बरं, आता पायांवर सूज…

मावशी : एक मिनिट. हे तू विचारलंस की सांगितलंस?

शिकाऊ डॉक्टर : विचारलं, बाई.

मावशी : मग उत्तराच्या आधीच पायांवर कसा पोचलास?

शिकाऊ डॉक्टर : नाही, ते… उत्तर 'नाही'च असतं ना.

मावशी : असं कोण म्हणालं?

शिकाऊ डॉक्टर : सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे वरच्या वर्गातली मुलं सांगतात, गुडघेवाल्या बाईला ते विचारून टाकायचं, ती नाही म्हणते, मार्क पडतात, पुढे जायचं.

मावशी : आणि गुडघेवाली बाई 'आहेत' म्हणाली तर?

शिकाऊ डॉक्टर : काय आहेत?

मावशी : तू जे 'वगैरे'त गुंडाळलंस ते.

शिकाऊ डॉक्टर : मॅडम! मॅडम, हे केसमध्ये नाहीये!

भाची : थांबा. थांबा, थांबा. बाई, जरा इकडे या. कोपऱ्यात.

मावशी : आले.

भाची : हळू बोल, माइक चालू आहे. काय चालवलंयस तू?

मावशी : त्याने विचारलं, मी सांगितलं. नियम तुझाच.

भाची : उत्तरही माझंच होतं!

मावशी : तीच तर गोम आहे. ऐकलंस ना तो काय म्हणाला? एवढी वर्षं तू त्यांना विचारायला शिकवतेयस, आणि उत्तराकडे लक्ष द्यायची गरज नाही, हेही त्याच तासाला शिकवतेयस. सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे, म्हातारी नाहीच म्हणते.

भाची : मला… हे माझ्या डोक्यातच आलं नाही ग.

मावशी : येणार कसं, कागद तूच लिहिलास.

भाची : बरं, चुकलं. पण ते आज नको ना! सर आत बसलेत दात ओठ खात. हा मुलगा पुढे अडखळला तर ते म्हणतील, हेच का शिकवलंत? आणि पुढे काय सांगणार आहेस तू? तालीम कुठे झालीय त्याची?

मावशी : बरं मग, मी नाही म्हणते. पोरगा पायांवर जाईल, सूज बघेल, नमस्कार करेल, संपलं. आणि तुझे सर म्हणतील, बघा, म्हातारीकडे काही नव्हतंच, उगाच विचारलं. तुझं 'थांबा' चालू आहे अजून. तू ठरव. मला नाही म्हणायला काही जड नाही जात. सवय आहे.

भाची : जा. बस जाऊन खुर्चीत. चालू!

शिकाऊ डॉक्टर : कुठपासून मॅडम?

भाची : 'आहेत'पासून.

शिकाऊ डॉक्टर : पण पुढे केस काय आहे?

भाची : मला माहीत नाही. त्यांना विचार.

शिकाऊ डॉक्टर : मला… मला एक मिनिट द्या.

मावशी : घे. पाणी पी. माझं काही जळत नाहीये.

शिकाऊ डॉक्टर : बाई, मघाशी मी नीट विचारलं नाही. पुन्हा विचारतो. तुम्हाला जोडीदार आहे?

मावशी : आहे.

शिकाऊ डॉक्टर : पुरुष, की…

मावशी : पुरुष. पण विचारलंस ते चांगलं केलंस.

शिकाऊ डॉक्टर : तुमचे संबंध आहेत?

मावशी : संबंध माझे शेजारणीशीही उत्तम आहेत. तुला काय विचारायचंय?

शिकाऊ डॉक्टर : शरीरसंबंध.

मावशी : बघ, काही झालं का जिभेला? होते.

शिकाऊ डॉक्टर : होते म्हणजे? आता नाहीत?

मावशी : थांबलेत.

शिकाऊ डॉक्टर : त्यांना काही… म्हणजे त्यांच्या बाजूने काही अडचण?

मावशी : पहिला संशय पुरुषावर घेतलास, हे आवडलं मला. पण नाही. तो ठणठणीत आहे. अडचण माझी.

शिकाऊ डॉक्टर : काय होतं?

मावशी : दुखतं.

शिकाऊ डॉक्टर : त्या वेळी?

मावशी : त्या वेळी, आणि दुसऱ्या दिवशीही.

शिकाऊ डॉक्टर : आत खोल दुखतं, की सुरुवातीलाच?

मावशी : सुरुवातीलाच. सँडपेपर फिरवल्यासारखं.

शिकाऊ डॉक्टर : रक्त जातं कधी?

मावशी : नाही.

शिकाऊ डॉक्टर : नक्की? पाळी बंद झाल्यावर एखादा डाग जरी दिसला तरी सांगायचं असतं. ते लगेच तपासावं लागतं.

मावशी : डागही नाही.

शिकाऊ डॉक्टर : जळजळ? खाज? लघवीला आग?

मावशी : जळजळ कधीमधी. बाकी नुसतं कोरडं.

शिकाऊ डॉक्टर : कोणाला दाखवलंत याआधी?

मावशी : दोघांना. पहिला डॉक्टर तुझ्याहून थोडा मोठा असेल. मलाही शब्द सापडेना. मी म्हटलं, डॉक्टर, खाली त्रास आहे. त्याने गुडघ्यांचा एक्स-रे काढला.

भाची : हसायचं नाही!

शिकाऊ डॉक्टर : सॉरी मॅडम.

मावशी : हसू दे ग. मीही हसले, बाहेर आल्यावर. दुसरी बाईच होती. म्हटलं, हिला कळेल. तिने माझं वय बघितलं, मान वाकडी केली आणि म्हणाली, आता वाचन वाढवा.

शिकाऊ डॉक्टर : मग?

मावशी : वाढवलं. पुस्तकं संपली, कोरडं ते कोरडंच.

शिकाऊ डॉक्टर : बाई, वाचनाने हे जाणार नाही. हे… थांबा, मी सोपं करून सांगतो. पाळी गेल्यावर शरीरात एक संप्रेरक कमी होतं. त्यामुळे तिथली त्वचा पातळ होते, ओल कमी होते. मग घासलं की दुखतं. पुष्कळ बायकांना होतं हे. सांगत नाहीत, एवढंच.

मावशी : विचारत नाहीत.

शिकाऊ डॉक्टर : हो. आम्ही विचारत नाही. पण याला इलाज आहे.

मावशी : आहे?

शिकाऊ डॉक्टर : आहे ना. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांनी एकदा नीट तपासायला हवं, दुसरं काही नाही ना ते बघायला. मग त्यांना योग्य वाटलं तर तिथेच लावायचं क्रीम देतात. आणि त्या वेळेपुरतं पाण्यासारखं वंगण औषधांच्या दुकानात मिळतं.

मावशी : वंगण? शिलाई मशीनला घालतात ते?

शिकाऊ डॉक्टर : नाही, नाही! ते अजिबात नाही! मशीनचं नाही, खोबरेलही नाही. यासाठीच वेगळं बनवलेलं असतं, ते मागायचं.

मावशी : काउंटरवर उभं राहून.

शिकाऊ डॉक्टर : हो.

मावशी : मोठ्याने.

शिकाऊ डॉक्टर : चिठ्ठी लिहून देता येईल तुम्हाला.

मावशी : नको. मागेन. तू 'शरीरसंबंध' म्हणालास, तर मी एवढं म्हणू शकते.

शिकाऊ डॉक्टर : आणि बाई, अजून एक. तुम्ही निरोध वापरत होता?

मावशी : सदुसष्टाव्या वर्षी? काय होणार आहे मला?

शिकाऊ डॉक्टर : मूल नाही होणार. आजार होऊ शकतो. तुमचे पती गेल्यानंतर हे आले, त्यांच्या आयुष्यातही आधी कोणी असेल. आजार वय बघत नाही.

मावशी : डॉक्टर बघतात फक्त.

शिकाऊ डॉक्टर : म्हणून दोघांनीही एकदा रक्त तपासून घ्या. त्यांनाही सांगा.

मावशी : तो सुई बघून पांढरा पडतो. पण सांगेन.

शिकाऊ डॉक्टर : आणि त्यांना सांगितलंत तुम्ही? दुखतं म्हणून?

मावशी : हे कागदावर आहे?

शिकाऊ डॉक्टर : नाही. मीच विचारतोय.

मावशी : नाही सांगितलं.

शिकाऊ डॉक्टर : का?

मावशी : मला वाटलं, माझं ते खातं संपलं. संपलेल्याची चर्चा काय करायची? पाठ धरलीय म्हटलं, आणि कूस बदलली.

शिकाऊ डॉक्टर : संपलेलं नाहीये, बाई.

भाची : वेळ झाली. थांबू या इथे. तुम्ही दोघं बसा. मी आत समितीकडे जाऊन येते.

शिकाऊ डॉक्टर : गेल्या. बाई, मी पास होईन का हो?

मावशी : मी तपासनीस असते तर तुझा 'वगैरे' कापला असता. बाकी बरा होतास.

शिकाऊ डॉक्टर : मला वाटलं, आता मी इथेच पडतो. पाय कापत होते टेबलाखाली.

मावशी : दिसत होतं. तुझ्या पायांवर सूज आहे का विचारणार होते.

शिकाऊ डॉक्टर : पण एक सांगू? तुमचं ते सगळं… खरंच वाटत होतं.

मावशी : सरावाची रुग्ण आहे मी. बरं, ती तू म्हणालास ती स्त्रीरोगतज्ज्ञ, अशी कोणी आहे का, जी वाचन वाढवायला सांगणार नाही?

शिकाऊ डॉक्टर : आहेत एक बाई. इथल्याच बाह्यरुग्ण विभागात बसतात, वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातली खोली. पण सरावाच्या रुग्णाला त्यांची काय गरज?

मावशी : सराव पक्का होतो.

शिकाऊ डॉक्टर : … बाई, तिथे गेलात की आधीच 'दुखतं' म्हणा. आणि कुठे ते म्हणा. 'खाली त्रास आहे' असं म्हणू नका.

मावशी : नाही म्हणणार. माझ्या गुडघ्यांचे फोटो झालेत काढून.

शिकाऊ डॉक्टर : मॅडम आल्या.

भाची : झालं.

मावशी : काय झालं? वारला की वाचला?

भाची : वाचला. सक्तीचा झाला! मावशी, सक्तीचा! पुढच्या सत्रापासून, सगळ्यांना!

मावशी : आणि तुझे सर?

भाची : सर म्हणाले, कामगिरी उत्तम, पण असे रुग्ण प्रत्यक्षात येतातच कुठे? तर समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, सर, तुम्ही अलीकडे किती वयस्क बायकांना हे विचारलंत? सरांनी मोजायला बोटं पुढे केली. मग हात खिशात घातले.

मावशी : एकच हात?

भाची : दोन्ही.

मावशी : माणूस प्रामाणिक आहे मग.

भाची : पण बाईंनी अट घातलीय. म्हणाल्या, ज्यांची केसच एवढी वर्षं 'नाही' म्हणत होती, त्यांनी आधी शिकावं. पुढच्या सत्रात पहिली परीक्षा शिकवणाऱ्यांची. आधी सर बसणार त्या खुर्चीत, मग मी. सगळ्या मुलांसमोर.

शिकाऊ डॉक्टर : आम्हाला बघायला मिळणार?

भाची : तू जा. पास आहेस. 'वगैरे'चे मार्क कापलेत.

शिकाऊ डॉक्टर : थँक्यू मॅडम. येतो आ… येतो, बाई. वरचा मजला, कोपऱ्यातली खोली.

मावशी : लक्षात आहे. जा.

भाची : वरचा मजला काय?

मावशी : काही नाही. रस्ता विचारला त्याला. मग तुझ्या सरांपुढे रुग्ण म्हणून कोण बसणार?

भाची : तूच! अध्यक्षबाईंनी खास सांगितलंय. म्हणाल्या, अशी अभिनेत्री शोधून सापडायची नाही.

मावशी : असं म्हणाल्या?

भाची : अग खरंच. मीसुद्धा चाट पडले. तुला ते सँडपेपरचं सुचलं कुठून? आणि ते 'वाचन वाढवा'? आत एक सर्जन इतका हसला की त्याला ठसका लागला.

मावशी : सुचलं नाही.

भाची : म्हणजे? कोणाकडून ऐकलंस?

मावशी : ऐकलंही नाही. बस. खुर्ची आहे मागे.

भाची : मावशी.

मावशी : हं.

भाची : तो एक्स-रे…

मावशी : घरी आहे, कपाटावर. बघायचाय? सुंदर गुडघे आहेत.

भाची : माझ्याकडे का नाही आलीस? मावशी, मी हेच काम करते! सकाळ-संध्याकाळ हेच!

मावशी : तू दर भेटीत मला काय विचारतेस? मावशी, रक्तदाब काय म्हणतोय. मी म्हणते, बरा आहे म्हणतोय. मग तू चहा पितेस आणि जातेस, कुठल्या तरी अनोळखी म्हातारीला बाकीचं विचारायला.

भाची : मी तुला 'नाही' लिहून दिलं.

मावशी : टाइप करून दिलंस. पाठ करायला.

भाची : मला आत्ता जमिनीत गाडून घ्यावंसं वाटतंय.

मावशी : सत्र संपू दे. अजून तुझी परीक्षा व्हायचीय.

भाची : आणि ते कोण आहेत? मी ओळखते?

मावशी : त्याचं काम तुझ्या नाकावर बसलंय.

भाची : माझ्या नाकावर? … चष्मेवाले? आपले चष्मेवाले? कोपऱ्यावरचे?

मावशी : आपले कसले. माझे.

भाची : बाई ग! ते माझा नंबर तपासताना दर वेळी म्हणतात, हे अक्षर वाचा, हे वाचा, आणि मावशी कशा आहेत? मला वाटायचं, काय सभ्य माणूस आहे, गिऱ्हाइकाच्या घरच्यांची चौकशी करतो.

मावशी : तो बाकी कोणाच्या मावशीची करत नाही.

भाची : आईला माहीत आहे?

मावशी : तुझ्या आईला लांबचं तेवढं स्वच्छ दिसतं, जवळचं नाही. सांगेन तिला मी. आधी वरच्या मजल्यावर जाऊन येते, मग तिला सांगते. दोन्ही सुया एकाच दिवशी नकोत.

भाची : मी येऊ बरोबर? डॉक्टरकडे?

मावशी : ये. पण आत मी बोलणार. तू बाहेर बसून समाज म्हणजे काय त्याचा विचार कर.

भाची : बरं. … तरी मला एक सांग. तू पहिल्यापासून ठरवून आली होतीस? मी आपली जेवणाची लालूच दाखवत बसले!

मावशी : अर्धवट ठरवलं होतं. म्हटलं, इथे एक पोरगा मला हे विचारणारच आहे, त्याला ते भागच आहे. असा योग कुठे मिळतो? पण तूच 'नाही' म्हणायला लावलं असतंस तर म्हटलं असतं आणि कॅन्टीनला गेले असते.

भाची : म्हणजे आता तुझ्या बाजूला काय काय जमा झालं?

मावशी : एक इलाज, एक पत्ता. आणि माझ्या नातवाच्या वयाचा पोरगा मला म्हणाला की संपलेलं नाहीये. हे समाधान नव्हे हं, ही रोख भरपाई.

भाची : मला विषय मिळाला. त्याला मार्क मिळाले. म्हणजे सगळ्यांनाच मिळालं. किंमत काय ती मीच भरली. सगळ्या समितीदेखत माझीच केस खोटी निघाली.

मावशी : तुझं काय गेलं? पोरांसमोर खुर्चीत बसशील, घाम पुसशील, चार गोष्टी शिकशील. आणि मघाशी 'चालू' म्हणालीस ना, भीतीने जीव जात असताना, तेवढ्यात तुझं फिटलं. तू नाही भरलंस.

भाची : मग तू. एवढ्या रात्री छताकडे बघत काढल्यास.

मावशी : थोडं मी. पण मला निदान माहीत होतं, दुखणं माझं आहे ते.

भाची : म्हणजे?

मावशी : मी कूस बदलायला लागले, तेव्हा त्याने काही विचारलं नाही. बरं म्हणायचा आणि दिवा मालवायचा. मग एक दिवस बघते तर मिशी काढून आला. मग केस काळे केले. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून सकाळी पळायला जायला लागला, त्या पोटासकट. मी हसायचे. म्हणायचे, काय हे नवीन खूळ? तोही हसायचा.

भाची : त्यांना वाटलं, तुला ते आवडेनासे झाले…

मावशी : हो. मला ते आज कळलं, 'त्यांना सांगितलंत का' असं त्या पोराने विचारलं तेव्हा. उठते मी. दुकान उघडं असेल अजून.

भाची : आत्ताच जातेस? जेवून तरी जा.

मावशी : नको. सगळं त्यानेच भरलंय ग. आणि कशाचं, ते त्याला अजून माहीतच नाही.